न निवडलेले पुस्तक

वाचनस्वातंत्र्य हा शब्द आपण सहसा एकाच अर्थाने वापरतो. ज्याला जे वाचावेसे वाटेल ते त्याने वाचावे, इतरांनी त्यात आडकाठी करू नये, हा तो अर्थ. तो योग्यच आहे आणि त्यासाठी अनेकांनी किंमत मोजलेली आहे. परंतु त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे आणि तो नैतिक स्वरूपाचा आहे. माणसाने आयुष्यभर केवळ स्वतः निवडलेलीच पुस्तके वाचली, तर त्यात काही उणे राहते काय? जे पुस्तक आपण मागितले नाही, ज्याचा विषय आपल्या आवडीचा नाही, ज्याचा लेखक आपल्या ओळखीचा नाही, अशा पुस्तकाचे आपण काही देणे लागतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, आणि तोही लांजीसारख्या सीमेवरच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने.

आपल्या कुटुंबांपैकी पुष्कळांचा इकडचा वास नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासूनचा. १८६७ मध्ये बालाघाट हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी कचेरी, बाजार, सोयरीक आणि शिक्षण या सगळ्यांसाठी आपली नजर नागपूरकडेच लागलेली असे. नागपूर तेव्हा प्रांताची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बाघ नदी होती तिथेच वाहत राहिली. मात्र त्या दिवसापासून मराठी पुस्तक आपल्याकडे परराज्यातून येऊ लागले.

या परिस्थितीचा एक परिणाम फारसा कोणी नोंदवलेला नाही. आपल्या घरांतील पुस्तके बहुतांशी कोणी निवडलेली नाहीत. ती येत गेली. लेकीच्या लग्नात आहेर म्हणून आली, नागपूरच्या मामांनी येताना आणली, गोंदियाच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना घेतली गेली, कोणाच्या बदलीच्या वेळी सामान कमी करताना आपल्याकडे राहून गेली. म्हणूनच आपल्या जुन्या घरांतले फडताळ उघडले की जी संगत दिसते ती कोणत्याही ग्रंथपालाला चक्रावून टाकील. गुरुचरित्राच्या पोथीला लागून ‘ययाति’, त्याखाली ‘श्यामची आई’, कव्हर गेलेली ‘रुचिरा’, केतकरांच्या ज्ञानकोशाचा एखादाच सुटा खंड, कोणा अपरिचित कवीचा पातळसा संग्रह, विहिरींवरची किंवा भातशेतीवरची एखादी सरकारी पुस्तिका आणि दहा-पंधरा दिवाळी अंक. यात ना विषयवार मांडणी, ना एका माणसाची रुची. तरीही या कुटुंबांतील मुले वाचती झाली ती याच फडताळावर. दुसरे काही हाताशी नव्हते म्हणून पावसाळ्याच्या दिवसांत कादंबरी संपल्यावर चरित्र हाती घेतले गेले आणि चरित्र संपल्यावर कविता.

येथे कोणी म्हणेल की ही तर टंचाईची कहाणी झाली. टंचाईला सद्‌गुणाचे रूप कशाला द्यावे? आक्षेप रास्त आहे. टंचाई हा सद्‌गुण नव्हे. परंतु टंचाईमुळे जे घडले ते मुद्दाम घडवून आणण्याची परंपराही मराठीत आहेच. परशुरामपंततात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ हा मराठी कवितांच्या वेच्यांचा संग्रह सिद्ध केला. ज्याने केवळ एका कवीसाठी तो उघडला, त्याच्या पुढ्यात इतर कवीही येऊन बसले. पुढे १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घराला मिश्र वाचनाची वार्षिक सवय लागली. दिवाळी अंक आपण घेतो तो एखाद्या आवडत्या लेखकाच्या कथेसाठी. पण त्या कथेला चिकटून प्रवासवर्णन येते, ललितलेख येतो, कविता येतात, एखादा वैचारिक लेखही येतो. त्यांचे पैसे दिलेले असतात, म्हणून केव्हा तरी तीही पाने उलटली जातात. कित्येकांची आयुष्यातली पहिली आधुनिक कविता अशीच, न मागता, फराळाच्या ताटाशेजारी वाचली गेली असेल.

न मागितलेल्या पुस्तकाची ताकद किती असते याचे एक उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावरचे आहे. कवी नारायण वामन टिळक हे १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. तेथील संस्थानात त्यांना काम मिळाले होते. ही गाडी गोंदिया, आमगाव, सालेकसा, डोंगरगड या मार्गाने जाते. म्हणजे लांजीहून फार दूर नव्हे. डब्यात एक युरोपीय सहप्रवासी होता. बोलणे झाले आणि उतरताना त्याने टिळकांना बायबल दिले. टिळकांनी ते मागितले नव्हते. शिष्टाचार म्हणून घेऊन पिशवीत ठेवून दिले असते, तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी ते वाचले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

या प्रसंगाकडे धर्मांतराचा प्रसंग म्हणून पाहणारे आपापल्या बाजूने बोलतील. तो वाद येथे काढावयाचा नाही. आपल्या प्रश्नापुरते दोन मुद्दे घ्यावेत. पहिला असा की न निवडलेले पुस्तक उघडणे ही निरुपद्रवी करमणूक नव्हे. टिळकांच्या वाचनाची किंमत केवळ टिळकांनी मोजली नाही, लक्ष्मीबाईंनीही मोजली. पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली, आप्त दुरावले. दुसरा मुद्दा असा की त्याच ओढाताणीतून मराठीला ‘स्मृतिचित्रे’ मिळाले. जिला शाळेचे शिक्षण जवळजवळ नव्हते, जिने अक्षरे घरात गिरवली, त्या बाईचे हे आत्मकथन १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि आज मराठी गद्याचा विचार त्याला वगळून करता येत नाही. म्हणजे एका अनाहूत पुस्तकाने एक घर मोडले, पुन्हा जोडले आणि दुसरे पुस्तक जन्माला घातले. हे सारे चांगले की वाईट, हे एका वाक्यात सांगू पाहणाऱ्याने लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचलेले नसावे.

दुसरे उदाहरण अनोळखी प्रवाशाचे नसून वडीलधाऱ्याचे आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले होते. विद्यार्थी भीमराव आंबेडकर यांच्या परीक्षेतील यशाबद्दल सत्काराची सभा झाली, तेव्हा केळुसकरांनी स्वतःच्या त्या पुस्तकाची प्रत मुलाला भेट दिली. मुलाने ती निवडलेली नव्हती. त्या पुस्तकाने आपल्याला बुद्धाकडे वळवले, असे आंबेडकरांनी उत्तरायुष्यात स्वतः नोंदवून ठेवले आहे. त्या सभेपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरपर्यंतचा रस्ता फार लांब आहे आणि त्यात शेकडो ग्रंथांचे, संघर्षांचे, अनुभवांचे टप्पे आहेत. एका भेटीतून सारे घडले असे म्हणणे बाळबोधपणाचे होईल. पण पहिले पाऊल दुसऱ्याने दिलेल्या पुस्तकावर पडले, एवढे खरे. केळुसकरांनी मुलाला काय आवडेल याचा विचार केला नसेल. त्याच्या हाती काय असावे याचा विचार केला असेल. या दोन विचारांत मोठे अंतर आहे.

येथे दोन आक्षेपांचा परामर्श घेणे अवश्य आहे. पहिला आक्षेप आयुष्याच्या मर्यादेचा. दिवसभर दुकान, शेत, कचेरी किंवा स्वयंपाकघर सांभाळून थकलेल्या माणसाला उरलेल्या अर्ध्या तासात आवडीचे वाचण्याचा अधिकार नाही काय? निश्चित आहे. सत्तरी ओलांडलेल्या आजींनी पाचव्यांदा तीच कादंबरी हाती घेतली तर त्यांना नव्या कवितेचा उपदेश करणे उद्धटपणाचे होईल. विश्रांतीसाठीचे वाचन हे विश्रांतीच्या नियमांनीच चालावे. प्रश्न आहे तो सगळेच वाचन विश्रांतीचे झाल्यास काय होते, हा.

दुसरा आक्षेप सक्तीचा. पाठ्यपुस्तकात आलेली कविता अनेकांनी जन्मभरासाठी सोडून दिली, ती लादली गेली म्हणूनच. मग न निवडलेल्या पुस्तकाचा आग्रह ही दुसरी सक्तीच नव्हे काय? सक्ती आणि भेट यांतला भेद येथे ध्यानात घ्यावा. सक्तीच्या पुस्तकामागे परीक्षा असते. भेटीच्या पुस्तकामागे केवळ एक माणूस असतो. भेटीचे पुस्तक मिटून ठेवण्याची मोकळीक असते. आपण त्याचे देणे लागतो ते एवढेच की मिटण्यापूर्वी ते प्रामाणिकपणे उघडावे. दारी आलेल्या अनोळखी पाहुण्याला आपण घर देत नाही; पण पाणी देतो आणि काय काम काढले म्हणून विचारतो. पुस्तकाशी तेवढे आतिथ्य पुरे. पन्नास पाने वाचून नावडले तर ते ठेवून देण्यात कसलाही अपराध नाही.

परंतु हे आतिथ्य नैतिक कर्तव्याच्या जवळ का जाते? आमच्या मते त्याचे कारण पुस्तकांच्या प्रकारांतच आहे. प्रत्येक साहित्यप्रकार मनाला एक गुण लावतो आणि त्याच गुणाच्या अतिरेकाचा धोकाही देतो. कादंबरी आपल्याला दुसऱ्याच्या जागी उभे करते. पण जो केवळ कादंबऱ्याच वाचतो त्याला जे हृदयस्पर्शी ते खरे वाटू लागते. इतिहास आणि चरित्र पुरावा मागायला शिकवतात. पण त्यातच रमलेल्याला माणसे तारखांएवढीच दिसू लागण्याची भीती असते. कविता एका शब्दापाशी थांबायला लावते; पण केवळ थांबून संसार चालत नाही. म्हणून हे प्रकार एकमेकांचे साक्षीदार म्हणून घरात असावे लागतात. एकाची साक्ष ऐकून निकाल देणारा न्यायाधीश जसा अपुरा, तसाच एकाच कप्प्यातून वाचणारा वाचक.

याचा प्रत्यय आपल्याला आपल्याच इतिहासाबाबत यावा. आपल्या घरांत पेशवाईवरच्या आणि शिवकालावरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या भरपूर. ‘स्वामी’ १९६२ ची, ‘श्रीमान योगी’ त्यानंतरची. त्यांची पारायणे झाली आणि व्हावीत. त्या कादंबऱ्यांतून आपण मराठ्यांच्या विस्ताराची कथा आतून पाहतो. पण लांजीत राहणाऱ्याने तीच कथा दुसऱ्या बाजूनेही पाहिली पाहिजे. येथला किल्ला आपण येण्यापूर्वीचा आहे. कोटेश्वराचे मंदिर आपण येण्यापूर्वीचे आहे. गोंड, पोवार, लोधी, मरार अशा समाजांच्या आठवणींत मराठी अंमल कसा उतरला आहे, हे आपल्या आवडीच्या कादंबरीत येणार नाही, कारण ती त्यासाठी लिहिलेलीच नाही. बालाघाट जिल्ह्याचे गॅझेटियर १९०७ मध्ये निघाले. मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा रसेल आणि हिरालाल यांचा ग्रंथ १९१६ चा. ही परक्या राज्यकर्त्यांच्या कारभारासाठी लिहिलेली पुस्तके आहेत. त्यांतही पूर्वग्रह आहेत, ती वाचताना डोळे उघडे ठेवावे लागतात. पण त्यांत आपण नायक नसतो. जमीन, सारा, मालगुजारी आणि वसाहत यांच्या हिशेबात आपण इतरांपैकी एक असतो. आपल्यातील काही घराण्यांकडे मालगुजारी होती आणि ती १९५१ मध्ये संपली. घरातल्या गोष्टींत ती गेली याचे दुःख असते. ज्यांच्याकडून सारा घेतला जाई त्यांच्या घरात तीच गोष्ट कशी सांगितली जात असेल, हे विचारण्याची बुद्धी आवडीचे पुस्तक देत नाही. ती नावडत्या, रुक्ष, परक्या पुस्तकाकडून मिळते. आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. जे पुस्तक आपण निवडले असते त्यात आपली बाजू आधीच जिंकलेली असते.

प्रकारांप्रमाणेच भाषांचेही आहे. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातले. १९१७ मध्ये श्योपूरला जन्मलेले, १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक. ते हिंदीचे कवी झाले. कथा, समीक्षा आणि इतिहासही त्यांनी हिंदीतच लिहिला. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपूरला राहिले आणि मराठीचे कवी, कादंबरीकार व समीक्षक झाले. एका आईची दोन मुले, एक ‘चाँद का मुँह टेढ़ा है’चा कवी आणि दुसरा ‘नवी मळवाट’चा. आपल्यासारख्या कुटुंबांसाठी याहून बोलके उदाहरण नाही. कोणत्या भावाने घराची भाषा राखली आणि कोणी सोडली, असा हिशेब मांडणे व्यर्थ आहे. त्या घरात दोन्ही भाषांना बसायला जागा होती, हे महत्त्वाचे. जाता जाता हेही नोंदवावे की गजानन मुक्तिबोधांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. वाचकाने काय निवडू नये हे शासनाने ठरवणे हा अन्याय आहेच. पण वाचकाने स्वतःच आपल्या घरावर तशी अघोषित बंदी घातली तर तिच्याविरुद्ध दाद कोठे मागावी?

अशी अघोषित बंदी आज पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. पूर्वी लांजीत मराठी पुस्तक मिळत नसे. आज भ्रमणध्वनीवरून मागवले की चार-सहा दिवसांत घरी येते. ही मोठीच सोय आहे आणि तिच्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण ज्या यंत्रावरून आपण पुस्तक मागवतो ते आपण काल काय घेतले हे पाहून आज काय घ्यावे हे सुचवते. ऐतिहासिक कादंबरी घेणाऱ्याला आणखी ऐतिहासिक कादंबऱ्या, अध्यात्म घेणाऱ्याला आणखी अध्यात्म. मामांनी आणलेल्या पुस्तकात मामांचा स्वभाव येत असे. यंत्राने सुचवलेल्या पुस्तकात आपलाच कालचा स्वभाव परत येतो. विपुलतेच्या काळात टंचाईहून अरुंद फडताळ तयार होऊ शकते, ते असे.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो इतर मराठी माणसांनी करूनही दाखवला आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. निरनिराळ्या प्रकारच्या पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, काही महिने राहते आणि मग दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. एका पेटीतली पुस्तके दुसरीत नसतात. ही पेटी महाराष्ट्राबाहेर गेली, दुबईसारख्या शहरांतल्या मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचली. पेटीत काय असावे हे घेणारा ठरवीत नाही. उघडल्यावर जे निघेल त्याच्याशी गाठ. पाचगणीजवळच्या भिलारमध्ये मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ उभे आहे. तिथे घराघरांत साहित्यप्रकारांनुसार पुस्तके ठेवलेली आहेत; कवितेचे एक घर, कादंबरीचे दुसरे, चरित्राचे तिसरे. तिथली वाटणी विषयवार असली, तरी एका घरातून दुसऱ्या घरी जायला गावच्या रस्त्यानेच चालावे लागते आणि वाटेत बाकीच्या घरांच्या पाट्या दिसतातच.

आपल्या मंडळाला एवढा मोठा व्याप झेपणार नाही. पण पेटीची कल्पना झेपण्यासारखी आहे. ज्या घरांत जुनी पुस्तके माळ्यावर वाळवीची वाट पाहत आहेत, त्या घरांनी ती काढावीत. दर तिमाहीला प्रत्येक घरी चार पुस्तके जावीत : एक कथा-कादंबरीचे, एक कवितेचे, एक माहितीचे, विचारांचे किंवा चरित्राचे आणि एक शेजाऱ्यांच्या भाषेतले, म्हणजे हिंदीतले किंवा मिळाल्यास पोवारीतले. निवड घेणाऱ्याने करू नये, देणाऱ्याने करावी. येथे नैतिक भार देणाऱ्यावर येतो, हेही स्पष्ट असावे. देणाऱ्याने स्वतःचे मत पसरवण्यासाठी पुस्तक देऊ नये, स्वतः न वाचलेले देऊ नये, आणि अडगळ काढण्यासाठी तर मुळीच देऊ नये. ‘हे मला पटले नाही, पण माझ्या मनातून जात नाही’ असे ज्या पुस्तकाबद्दल म्हणता येईल ते देण्यास सर्वांत योग्य.

यात नातवंडांचा विचार विशेष करावा लागेल. लांजीतले मूल हिंदी शाळेत शिकते, म्हणून त्याला मराठी पुस्तक परके आहे असे आपण धरून चालतो. ते पूर्ण खरे नाही. त्याला देवनागरी येते. ‘ळ’पाशी ते थोडे अडखळेल, ‘शिक्षा’ हा शब्द पाहून शाळेची आठवण काढेल आणि येथे तो दंडाच्या अर्थाने आला आहे हे कळल्यावर हसेल, ‘खाली’ वाचून रिकामी पिशवी शोधेल. या अडखळण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला शब्दाकडे वळून पाहण्याची जी सवय लागते ती एकाच भाषेत वाढलेल्याला कष्टाने लावून घ्यावी लागते. मात्र त्या मुलाने मराठी पुस्तक स्वतःहून निवडावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. जे कधी पाहिलेच नाही ते कोणी कसे निवडील? कोणी तरी ते त्याच्या हाती ठेवले पाहिजे आणि निदान पहिली पाच पाने शेजारी बसून त्याच्याबरोबर वाचली पाहिजेत.

वाचनस्वातंत्र्याचा आरंभीचा अर्थ यामुळे बाधित होत नाही. तो पुरा होतो. निवडीचे स्वातंत्र्य ज्याला खरोखर वापरायचे आहे त्याच्यासमोर निवडीबाहेरचे काही तरी सतत येत राहिले पाहिजे; अन्यथा तो निवड करीत नसून सवय पाळत असतो. आपल्या पूर्वजांना ही सोय परिस्थितीने करून दिली. आपल्याला ती ठरवून करावी लागेल. ज्यांना या उपक्रमात पुस्तके द्यावयाची आहेत त्यांनी पुढील अंकापूर्वी मंडळाकडे यादी पाठवावी, आणि यादीत निदान एक पुस्तक असे असावे जे आपल्या घरात कोणी मागितले नव्हते.